फसलेल्या बोर्डाचे मराठी

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. करता करता शिकावे, हे त्याचे मूळ सूत्र. तेथेच २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली आणि मनातले उपकरण प्रत्यक्ष घडवून पाहण्याची सोय खेड्यातल्या मुलांना मिळाली. मराठीच्या अध्यापकांनी हा विषय का काढावा, असे कोणी विचारील. आमच्या मते तो भाषेचाच विषय आहे.

घरच्या घरी पीसीबी करणे हे एक प्रकारचे मुद्रणच होय. सर्किटची आकृती लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापायची आणि इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवायची. ती उतरताना उलटते; खिळे जुळवणाऱ्याला असे तसे उलटसुलटाचे भान येथेही लागते. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उघडे तांबे विरघळते, शाईखालचे उरते. मग छिद्रे पाडून सुटे भाग सोल्डर करायचे. पहिला बोर्ड बहुधा फसतो. दोन रेषा चिकटतात, एखादी मध्येच तुटते, ट्रान्झिस्टरचे पाय उलटे पडतात. मल्टिमीटर घेऊन दोष हुडकायचा आणि दुसरा बोर्ड करायचा. हा खर्डाच नव्हे काय?

रत्नागिरीतील विद्यार्थी हे सारे करतात, आपापसांत त्यावर वादही घालतात, आणि तोही मराठीत. प्रकल्पाचा अहवाल मात्र उसन्या इंग्रजीत लिहिला जातो आणि त्यातून फसलेला बोर्ड गायब होतो. म्हणजे जो विचार मराठीत झाला, त्याची मराठीत नोंदच उरत नाही. कवीच्या हस्तलिखितातील खाडाखोड आपण भक्तिभावाने तपासतो. या खाडाखोडीकडे कोण पाहणार?

परिभाषेची अडचण पुढे केली जाते. ती आम्हांला लटकी वाटते. डायोडला डायोडच म्हणावे. उणीव आहे ती कारण, क्रम आणि शंका नेमकेपणाने मांडणाऱ्या वाक्याची. आणि ते घडवणे हे आपलेच काम आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने फसलेल्या पहिल्या बोर्डाविषयी दोन पाने मराठीत लिहावीत आणि ती मराठीच्या शिक्षकाने तपासावीत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. परंतु भाषा जगते ती हातातले काम तिच्यात लिहिले जाते तेव्हा.