बारा चटयांची शाळा

नाशिक, सांगली वा सोलापूर, कोणत्याही शहराच्या निवासी भागात संध्याकाळी फेरफटका मारला तर कराटेच्या वर्गांच्या दोन-तीन पाट्या सहज दृष्टीस पडतात. एक वर्ग मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, दुसरा शाळेच्या पटांगणात, तिसरा सोसायटीच्या वाहनतळात. पांढरे गणवेश तेच, आरोळ्या त्याच आणि पाटीवरील आश्वासनेही बहुधा तीच : स्वसंरक्षण, आत्मविश्वास, शिस्त. अशा ओळीत चौथा वर्ग उघडू पाहणाऱ्या तरुण प्रशिक्षकापुढचा पेच कापडबाजारात नवे दुकान थाटणाऱ्याला अनोळखी नाही. सर्वांकडे तोच माल असताना गिऱ्हाइकाने नेमकी आपलीच पायरी का चढावी?

या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत यशस्वी उत्तर सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी तोकियोत दिले गेले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० मध्ये कोबेजवळच्या मिकागे येथे, साके या मद्याचा व्यवसाय असलेल्या संपन्न घराण्यात झाला. अंगकाठी लहान, त्यामुळे शाळेत दांडगट मुलांचा मार ठरलेला. जुजुत्सू शिकल्यास दुबळाही बलवानाला लोळवू शकतो, हे त्यांच्या कानावर आले होते. पण शिकवणार कोण? १८६८ नंतर जपानमधील सामुराई वर्गाची सद्दी संपली आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यासही बंदी आली. आश्रयदाते गेल्यामुळे जुजुत्सूचे गुरू उघड्यावर पडले. कोणी हाडे बसवण्याचे काम करू लागले, कोणी तिकीट लावून कुस्त्यांचे खेळ करू लागले. सभ्य घरांत ही विद्या गुंडांची समजली जाई. कानोंनी गुरू शोधला तो हाडवैद्यांच्या दारोदार चौकशी करून, कारण जुने जुजुत्सू जाणणारे त्या व्यवसायात असतात हे त्यांना ठाऊक होते.

भेटलेले गुरू फुकुदा हाडाचे जाणकार होते, पण शिकवण्याची रीत जुनीच. हा डाव कसा करायचा, पाय कुठे ठेवायचा, असे शिष्याने विचारले की गुरू त्याला पुन्हा आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. आपटून घेता घेता एक दिवस डाव अंगी येतो, ही त्यामागची श्रद्धा. आपल्याकडील अनेक पेढ्यांवर नव्या मुनिमाला हिशेब याच पद्धतीने शिकवला गेला आहे!

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी एइशोजी या बौद्ध मंदिरात स्वतःची शाळा काढली आणि तिला कोदोकान हे नाव दिले. जागा बारा चटयांची, म्हणजे जेमतेम दोनशे चौरस फुटांची. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. तोकियोत तेव्हा जुन्या घराण्यांच्या तालमी होत्या, अनुभवी गुरू होते. ‘माझे डाव अधिक घातक’ असा दावा या तरुणाने केला असता, तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

त्यांनी वेगळीच वाट धरली. ‘जुत्सू’ म्हणजे कसब. त्याऐवजी त्यांनी ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द घेतला आणि बदनाम विद्येपासून आपली पाटी वेगळी केली. पण नुसत्या नावाने काय होते? खरा बदल शिकवण्यात होता. नव्या विद्यार्थ्याला प्रथम पडायला शिकवले जाई : हात चटईवर आपटून, हनुवटी छातीशी घेऊन, पाठीला इजा न होता पडण्याचे तंत्र. मर्मावरचे प्रहार व हाडे मोडणारे धोक्याचे डाव त्यांनी ठरीव हालचालींच्या सरावापुरते ठेवले आणि खुल्या झुंजीत फक्त निर्धोक डावांना जागा दिली. डाव लागतो तो प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळवल्यामुळे, हे ते समजावून सांगत. व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. ज्या शाळेत प्रश्न विचारल्यावर आपटले जात नाही, अशी ती शाळा होती.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. धोक्याचे डाव वगळल्यामुळे कोदोकानचे विद्यार्थी पूर्ण ताकदीनिशी रोज झुंजू शकत. घातक विद्या शिकणाऱ्यांना मात्र एकमेकांवर ती खरोखर वापरून पाहता येत नसे. तोकियोच्या पोलिसांसमोर झालेल्या सामन्यांच्या कथा पुढे पुष्कळ रंगवल्या गेल्या. त्या बाजूला ठेवल्या तरी कोदोकानची माणसे पोलिसांचे शिक्षक म्हणून नेमली गेली, एवढे पुरेसे बोलके आहे. सुरक्षित शाळाच अधिक बलवान ठरली.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. कानो शिक्षक म्हणून नोकरी करत होते. शाळेच्या शुल्कावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. जागेचे भाडे ज्याला दरमहा त्याच वर्गातून काढायचे आहे, त्याचा मोह मोठा असतो.

हा मोह कुठे नेतो, हे कानोंच्याच आणखी एका कल्पनेच्या प्रवासात दिसते. जुन्या घराण्यांत मोजकीच प्रमाणपत्रे असत आणि दोहोंमध्ये वर्षे जात. नवशिक्याला आपली प्रगती दिसावी म्हणून कानोंनी श्रेणींची शिडी केली. १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी मिळाली. पुढे काळा पट्टा आला. १९२२ मध्ये ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी कोदोकानमध्ये कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि ज्युदोचा गणवेश व पट्टे कराटेनेही स्वीकारले. रंगीत पट्ट्यांची चढण युरोपात रुजली आणि तेथून जगभर गेली.

आज सोसायटीच्या वाहनतळात दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा होते, परीक्षेचे शुल्क वेगळे घेतले जाते आणि सहसा कोणी नापास होत नाही. लांबलचक नावाच्या संस्थेचे सोनेरी प्रमाणपत्र दिवाणखान्यात लागते. ही खोट्या मापाने केलेली विक्री आहे, आणि तिचा तोटा प्रशिक्षकाला होत नाही. तो होतो त्या सोळा वर्षांच्या मुलीला, जी काळा पट्टा मिळाल्यामुळे स्वतःला सुरक्षित समजते आणि जिला कोणी एकदाही खरोखर घट्ट धरून ‘सुटून दाखव’ म्हटलेले नसते.

म्हणून चौथा वर्ग उघडणाऱ्याला वेगळे दिसण्याची जागा अजूनही मोकळी आहे. परीक्षेत नापास करणारा, आणि का केले हे पालकांना बसवून सांगणारा वर्ग गल्लीत बहुधा एकही नसतो. पहिल्या वर्षी त्याची काही मुले शेजारच्या वर्गात जातील, हे गृहीत धरूनच भाड्याचा हिशेब मांडावा लागेल. शेजारच्या वर्गाशी वैर मात्र परवडणारे नाही. १९०६ मध्ये क्योतो येथे जुन्या जुजुत्सू घराण्यांचे आचार्य एकत्र बसले आणि सामायिक सरावक्रम ठरवला गेला, तेव्हा त्या समितीचे प्रमुख कानोच होते.

पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी एक संपूर्ण तास वर्गात बसून पाहावे. नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवतात, पडलेल्याला कोण उठवते, मोठा मुलगा लहानाशी झुंजताना जोर आवरतो की नाही, आणि एखाद्या मुलाने ‘असे का?’ विचारले तर प्रशिक्षक थांबतो का. पालकांना आत बसू देत नसतील, तर चपला पायात घालून पुढच्या पाटीकडे वळावे.