ट्रक उचलायचा की मिरवायचा?

तर मंडळी, हाही विकांत ट्रकखाली गेला. पाठीखाली पुठ्ठा, डोळ्यांत गंज आणि डोक्यात राग. राग कशाचा, तर "दोन-तीन इंचांनी काय होतंय?" या वाक्याचा. हे वाक्य मी स्वतःही छातीठोकपणे म्हटलेलं आहे, त्यामुळे आजच्या शिव्यांतला निम्मा वाटा माझा, हे आधीच सांगून टाकतो.

आधी गाडीची ओळख. २००१ सालची टोयोटा टॅकोमा, फोर व्हील ड्राइव्ह, गिअर हाताने टाकायचे, घड्याळात दोन लाख मैल उलटून गेलेले. घरात तिचं नाव "म्हातारी". आम्ही राहतो डेन्व्हरजवळ. इथे रॉकीजच्या पायथ्याला कुठल्याही पार्किंगमध्ये उभं राहा, दर पाचातला एक पिकअप कंबर उचलून उभा दिसेल. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सस्पेन्शनमध्ये फेरफार करून गाडीचा सांगाडा चाकांपासून वर उचलायचा, म्हणजे खडकाळ वाटेवर पोट घासत नाही. याला म्हणतात लिफ्ट. दोन-अडीच इंचांची असेल तर "साधी लिफ्ट", म्हणजे जणू डोक्याला तेल लावणं.

२०२२च्या उन्हाळ्यात मीही लावलं. गावातल्या एका दुकानाने पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर सव्वा इंच जाडीचे स्पेसर बसवले. (सव्वा इंचात चाकाशी अडीच इंच मिळतात, कारण शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो. शाळेतली तरफ.) मागे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये दोन इंचांचा लोखंडी ठोकळा. दुपारी दोनला गाडी दिली, सहाला परत. मी चार बाजूंनी फोटो काढले, घरी येऊन बायकोला दाखवले. ती म्हणाली, "आता आईंना चढायला स्टूल घ्यावं लागेल." असो.

ऑक्टोबरात एका मित्राच्या परसात फरशी बसवायची होती. आठशे पाउंड फरश्या मागे भरल्या आणि निघालो. भुरभुर पाऊस होता. सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, पुढची चाकं घसरायला लागली आणि मागून कुणी धरून ठेवतंय असं काही वाटेचना. थांबलो तेव्हा अर्धा ट्रक पांढऱ्या पट्ट्यांवर होता. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा सायकल हातात धरून रस्ता ओलांडायला उतरला होता. त्याचं पुढचं चाक आणि माझा बंपर यांत दोन हात अंतर असेल. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तो निघून गेला. माझे हात घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

पुढचे तीन आठवडे मी पावसाला, टायरला, ब्रेक पॅडला दोष दिला. पॅड बदलले, ब्रेकमधली हवा काढली. फरक शून्य. शेवटी एका रविवारी कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल घेऊन गाडीखाली शिरलो आणि मागच्या अॅक्सलवरून सांगाड्याकडे जाणारी एक काडी दिसली. काडीच्या टोकाला एक झडप.

ही झडप फार हुशार आहे आणि तितकीच भाबडी. पिकअप रिकामा असताना मागचं टोक हलकं असतं, तिथे पूर्ण ब्रेक लागला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. म्हणून रिकाम्या गाडीत ही झडप मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी ठेवते आणि माल भरला की वाढवते. पण माल भरलाय हे तिला कळतं कसं? ती वजन मोजतच नाही. ती मोजते अंतर. माल भरला की सांगाडा अॅक्सलच्या जवळ येतो, काडी कलते, झडप समजते की वजन आलं. आता सांगाडा आणि अॅक्सल यांच्यामध्ये दोन इंचांचा ठोकळा घाला. माझ्या आठशे पाउंडांनी मागची बाजू जेवढी खाली बसली, तेवढी ती आधीच वर गेलेली होती. झडपेच्या लेखी ट्रक रिकामाच! तिने तिचं काम चोख केलं, मागचे ब्रेक सौम्य ठेवले.

हापिसात असा बग आला असता तर मी ज्याने तो टाकला त्याला तासभर ऐकवलं असतं. इनपुटचा अर्थ बदललास आणि तो वाचणाऱ्या कोडला सांगितलं नाहीस! इथे तो बग मी पैसे मोजून टाकून घेतला होता.

यावर उपाय काय, तर काडीचं अॅक्सलकडचं टोक तेवढंच वर घेणारी एक लोखंडी पट्टी. वीस-पंचवीस डॉलरची. दुकानात जाऊन विचारलं तेव्हा काउंटरवरचा बाबा हसत म्हणाला, "ओह, ते! ते कुणीच करत नाही. बरेच लोक ती काडी सोडून वर तारेने बांधून टाकतात." म्हणजे झडपेला कायमचं सांगायचं की ट्रक भरलेलाच आहे, आणि मग रिकाम्या गाडीने ओल्या वळणावर फिरकी घ्यायची. वा रे उपाय!

तर माझं भांडण लिफ्टशी नाही, "बोल्ट लावले की झालं" या विक्रीच्या भाषेशी आहे. जे चार तासांत बसतं ते फक्त लोखंड. त्यामागे ओढली जाणारी यादी गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. पुढच्या अॅक्सलचे सांधे जास्त कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. तो कोन कमी करायला दुसरा स्पेसर मिळतो, जो पुढचा डिफरन्शियल खाली उतरवतो. हसू नका. गाडी वर उचलायला एक किट आणि तिच्या पोटातला अवयव खाली आणायला दुसरं!

आणि ज्यासाठी हे सगळं, ती जमिनीपासूनची उंची? मागच्या अॅक्सलच्या मधोमध तो भोपळा लोंबतो ना, डिफरन्शियलचा, तो या गाडीत चाकांबरोबर अखंड जोडलेला आहे. सस्पेन्शन दोन इंच उचला, दहा इंच उचला, भोपळा तसूभरही हलत नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तोही व्यासाच्या निम्म्याने. एकतीसचे काढून तेहतीस इंची घातले तर एक इंच, आणि वर स्पीडोमीटर साडेसहा टक्क्यांनी खोटं बोलायला लागतो. लिफ्टने पोट वर जातं, चढाच्या तोंडाशी बंपर अडकत नाही, हे खरं. पण गुरुत्वमध्यही वर जातो. इथली वाहतूक सुरक्षा संस्था गाडी उलटण्याचा धोका ठरवताना चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागते. समजा रुंदी साठ इंच आणि उंची सत्तावीस, तर उत्तर १.११. उंची एकोणतीस केली की १.०३. हे गणित सातवीतल्या पोराला जमतं, किटच्या खोक्यावर मात्र कधी छापलेलं पाहिलं नाही.

पिकअपचं नाक मुळात किंचित खाली का असतं, हेही मिरवणाऱ्यांना सांगायला हवं. माल भरला की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते, म्हणून. "दिसायला बरं" म्हणून रिकामी गाडी सपाट करायची, मग माल भरला की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. नाक आभाळात आणि शेपूट रस्त्यावर या फॅशनवर उत्तर कॅरोलिनाने २०२१मध्ये कायदाच केला.

आपल्याकडे हे वेड उशिरा आलं. पिंपळगावला मामाच्या बोलेरो पिकअपला जादा पाटा आहे, पण तो टोमॅटोचे क्रेट पेलायला. (तेही योग्य नाही, मी मामाला सांगून पाहिलंय. "तू तुझा कंप्युटर बघ," असं उत्तर मिळालं. :-) ) मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत, असं भारतातल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्येच सांगून ठेवलंय. तिकडे पाटा थकला तर लोहाराकडे जातो आणि त्याचा ऊसतोडीचा कोयता होतो. इथे थकलेल्या पाट्याखाली ठोकळा घालून त्याला तरुण म्हणायचं!

माझ्या म्हातारीचं खरं दुखणं हेच होतं. वीस वर्षांत मागचे पाटे सपाट होऊन ती मूळ उंचीपेक्षा इंचभर खाली बसली होती. मला हवी असलेली निम्मी उंची कंपनीने २००१ सालीच दिली होती, मी ती विसरलो होतो.

म्हणून २०२३च्या वसंतात सगळं उतरवलं. मागे नवे पाटे आणि त्याच मापाचे शॉकअप, पुढे स्पेसरऐवजी खऱ्या नव्या स्प्रिंगा, बुश, आणि खालचे बॉल जॉइंट. या गाडीत गाडीचं वजन त्या जॉइंटला सतत ओढत असतं, तो निसटला तर चाक दुमडून बसतं, म्हणून तिथे काटकसर केली नाही. झडपेच्या काडीला पट्टी. व्हील अलाइनमेंट. हेडलाइट गॅरेजच्या भिंतीवर टेप चिकटवून खाली घेतले. चार विकांत आणि सोळाशे डॉलर गेले. मूळ उंचीपेक्षा दीड इंच वर आहे, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेजाऱ्याने तर विचारलं, "लिफ्ट काढून टाकलीस का?"

सप्टेंबरात परवाना काढून युटाहमधला व्हाइट रिम रस्ता केला, शंभर मैल. पोट एकदाही घासलं नाही. पण परत आल्यावर, पाठीमागे सहाशे पाउंड वाळूची पोती भरून मी रिकाम्या पार्किंगमध्ये ओल्या डांबरावर दहा वेळा ब्रेक मारून पाहिले. मागची चाकं धरत होती.

हा विकांत गेला तो त्या झडपेच्या काडीला ग्रीस लावण्यात. जुने स्पेसर गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहेत. गेल्या महिन्यात एक हौशी तरुण दारात आला, चाळीस डॉलर देतो म्हणाला. मी त्याला चहा पाजला, गाडीखाली झोपवला, काडी दाखवली. स्पेसर दिले नाहीत.