गाणे कोणाच्या हातून यावे?

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी आज जॅझ, ब्लूज किंवा रॉक ऐकायला कसलीच अडचण उरलेली नाही. तरुणाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जगभरचे संगीत सामावले आहे आणि एक गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होते. ही सोय मोठी आहे. ती नाकारण्यात शहाणपण नाही. प्रश्न निराळाच आहे. हे दुसरे गाणे सुचवतो कोण? आणि सुचवण्याचे हे काम आपण, म्हणजे आईवडील, शिक्षक, गायनवृंदाचे प्रमुख व आम्ही धर्मगुरू, कोणाच्या हवाली करून मोकळे झालो आहोत?

आपल्या धर्मग्रामांत या संगीताविषयी दोनच भूमिका आढळतात. पहिली म्हणते, ‘हा पाश्चात्त्य गोंगाट आहे, हे आपले नव्हे.’ दुसरी म्हणते, ‘मुले त्यांचे ते ऐकतात, आपल्याला काय त्याचे?’ पहिली कठोर दिसते आणि दुसरी उदार. परंतु परिणाम दोहोंचा एकच होतो. मूल कानांत इअरफोन घालून घरातल्या घरात एकटे पडते.

‘आपले नव्हे’ हा आक्षेप आधी तपासून पाहू. ब्लूज जन्मले ते अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांमध्ये, आणि मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत ते वाढले. जमीन मळेवाल्याची, कष्ट बटाईदाराचे, आणि हंगाम सरला तरी वहीतले देणे शिल्लकच. यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला ही कहाणी समजावून सांगावी लागते काय? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला. तेव्हापासून मिसिसिपीचे रान आणि आपले रान एकाच बाजाराच्या दोरीला बांधले गेले आहे. ज्या दुःखातून ते गाणे उगवले, ते दुःख आपल्या शिवारात आजही उभे आहे. मग ते गाणेच तेवढे परके कसे?

जॅझची गोष्ट तर आपल्या अंगणातून गेलेली आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. उपासनेसाठी दिलेली ही विद्या पोटापाण्यासाठी मुंबईला आली. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. अशा वादकांकडून आमच्या गोवेकर बांधवांनी जॅझ उचलले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. पुणतांब्यात जन्मलेल्या व नागपुरात गाणे शिकलेल्या सी. रामचंद्रांना त्यांचा ट्रम्पेट भावला. त्या सहवासाचा रंग १९५१ च्या ‘अलबेला’त उतरला, आणि त्यावर जे भगवानदादा नाचले ते मूळचे अमरावतीचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधून शिष्याने गुरूचे नाव घरोघर पोचवले. आपण मात्र ते नाव विनोदाचे समजून हसत राहिलो.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्येक टप्प्यावर एका माणसाने दुसऱ्या माणसाला सांगितले, ‘हे ऐक.’ १९६१ साली इंग्लंडमधील डार्टफर्ड स्थानकावर मिक जॅगर यांच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्या पाहून कीथ रिचर्ड्‌स बोलू लागले आणि त्या संभाषणातून पुढे रोलिंग स्टोन्स हा रॉक वाद्यवृंद उभा राहिला. १९६५ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर गाण्याचे निमंत्रण येताच या तरुणांनी ज्येष्ठ ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांनाही बोलवा, असा आग्रह धरला. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगणे, हे कृतज्ञतेचे लक्षण आहे.

यंत्र हे करीत नाही. ते तुम्ही काय ऐकले याची नोंद ठेवते, तुमच्यासारखे ऐकणाऱ्या इतरांच्या नोंदींशी ती ताडून पाहते आणि जुळेल तेच पुढे सरकवते. त्यातून कधी उत्तम गाणे हाती लागते, हे मान्य केले पाहिजे. पण ‘तुला हे आज आवडणार नाही, तरी ऐक, दहा वर्षांनी कळेल,’ असे ते कधीच म्हणणार नाही. ते म्हणायला प्रेम लागते, आणि आपला शब्द खोटा ठरण्याची तयारीही लागते.

कोणी म्हणेल, या गाण्यांत अश्लीलता असते, व्यसनांचे कौतुक असते. असते, काहींत निश्चित असते. म्हणूनच सोबत ऐकणारा हवा. बंदीचा उपाय आपल्याकडे होऊन गेला आहे. १९५२ पासून नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. सुया तेवढ्या फिरल्या, कान सुधारले नाहीत. संत ऑगस्टीन यांनाही स्वरांच्या मोहाची भीती वाटली होती. तरी त्यांनी चर्चमधील गायनाला संमतीच दिली. विवेक हा ऐकून शिकायचा असतो, कान झाकून नव्हे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ धर्मग्रामाच्या सभागृहात थोरामोठ्यांनी व मुलांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने एकच गाणे आणावे आणि ते का आणले, कोणाकडून मिळाले, हे सांगावे. आजोबांनी ‘अलबेला’ आणावा, नातवाने मडी वॉटर्स. दोघांनीही दुसऱ्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे. यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि नेमका तोच द्यायला आपण कांकू करतो. ज्या घरात मुलांना गाणे सुचवणारे कोणी नाही, त्या घराने मुले काय ऐकतात याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?