गेम बनवायचा आहे? आधी दोघांचा बनवा

मोबाइलवर गेम खेळणारी मुले आज घरोघरी आहेत. त्यांच्यातली काही मात्र थोडी वेगळी असतात. ‘असा गेम आपल्याला बनवता येईल का?’ असे ती विचारतात. त्यांना हवा असतो तो ऑनलाइन गेम, ज्यात हजारो लोक एकाच वेळी एकाच जगात वावरतात. कोणी शिपाई, कोणी हकीम, कोणी व्यापारी. अम्मी-अब्बांना या प्रश्नाची दोनच उत्तरे सुचतात. एक, ‘गुपचूप अभ्यास कर’. दुसरे, ‘क्लास कुठे आहे ते बघ, फी भरू’. आमच्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

आमच्या माहितीतल्या एका घराने दहावीनंतरच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे अशाच एका क्लासला भरले. तीन महिन्यांत मुलगा चित्रे हलवायला शिकला, पण दोन खेळाडूंना एकमेकांशी जोडणारा खेळ त्याला करता येईना. पैसे गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे त्याच्या मनाने घेतले. जमणारे नव्हते असे नाही. सुरुवात उलट्या टोकाने झाली होती. म्हणून या महिन्यात सुरुवात नेमकी कुठून करावी ते सांगतो.

आधी या कामाचा आवाका पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा गेम २०२० साली आणला. तो एकट्याने खेळायचा गेम, तरी त्याला काही वर्षे लागली. लोकवर्गणीच्या मोहिमेत ठरवलेली रक्कमही जमली नव्हती. त्यांनी काम सोडले नाही आणि पुढे त्या गेमला जागतिक पुरस्काराचे नामांकन मिळाले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम २०२४ मध्ये आणला. त्याआधी ही कंपनी ऑनलाइन गेम बनवून मुरलेली होती. जाणत्या लोकांना इतका सब्र लागतो, तिथे नवख्याने पहिल्याच दिवशी हजार खेळाडूंचे जग उभारायला घेणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पुरातल्या कृष्णेत उडी मारणे.

मग लहान सुरुवात म्हणजे किती लहान? १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर फक्त अक्षरे येत. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा उचल’ असे टाइप करायचे आणि काय घडले ते वाचायचे. पण एका जगात अनेक माणसे एकाच वेळी होती. आजच्या साऱ्या मोठ्या ऑनलाइन गेमचे मूळ तिथे आहे. अँड्र्यू गोवर या तरुणानेही आधी याच जातीचा छोटा प्रयोग केला आणि २००१ मध्ये ‘रूनस्केप’ आणला. हा गेम अजून खेळला जातो. तेव्हा चित्रे नंतर, आधी नियम.

नियम शिकायला संगणकही लागत नाही. आम्ही वर्गात घेतो तो चिठ्ठ्यांचा खेळ घरीही घेता येईल. विषय आपल्याच मातीतला. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, त्याला सहा वक्र दरवाजे. सोडलेले पाणी कोयनेतून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. सांगलीत १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे सांगलीकरांना सांगायला नको.

चार मुलांना चार भूमिका द्या. एक धरणावरचा अधिकारी, एक पुलापाशी पातळी पाहणारा, एक नाववाला आणि एक मोहल्ल्यातल्या शाळेत निवारा सांभाळणारी आपा. चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. पाचवे मूल मधोमध वही घेऊन बसेल. धरणात किती पाणी, पुलापाशी किती फूट, नाव कुठे, निवाऱ्यात किती माणसे, हे सगळे त्याच्या वहीत. दर फेरीला प्रत्येकाने आपल्याला काय करायचे ते चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. वहीवाला नियम तपासतो, वही बदलतो आणि ज्याला जेवढे दिसायला हवे तेवढेच लिहून परत पाठवतो. धरणाचे पाणी तीन फेऱ्यांनी सांगलीत पोहोचेल, नावेत आठच माणसे मावतील, असे नियम आधी ठरवा.

हा वहीवाला म्हणजेच सर्व्हर. बाकीचे चौघे म्हणजे खेळाडूंचे मोबाइल. पाच-सहा फेऱ्या झाल्या की खऱ्या अडचणी आपोआप समोर येतात.

नाववाला चिठ्ठीत लिहितो, ‘मी वीस माणसे आणली.’ मानायचे का? नाही. त्याने ‘माणसे आणायला निघतो’ एवढेच लिहायचे. किती आली ते वहीवाला ठरवणार. खेळाडूने इच्छा कळवायची, निकाल सर्व्हरने द्यायचा, हा ऑनलाइन गेमचा पहिला धडा. हा नियम पाळला नाही की लबाडीला दार उघडते. वही ही अमानत आहे. ती खेळाडूच्या हाती देऊ नये.

निवाऱ्यात एकच जागा उरली आणि दोन चिठ्ठ्या एकदम आल्या तर? आधी कोणाची धरायची याचा नियम हवा. एक मूल पाणी प्यायला उठले तर त्याची नाव नदीत थांबेल की काठाला लागेल? इंटरनेट तुटते तेव्हा हेच होते. खेळ उद्या पुढे न्यायचा असेल तर वही नीट जपून ठेवावी लागेल. संगणकात या जपलेल्या वहीला डेटाबेस म्हणतात. एवढे प्रश्न सोडवलेल्या मुलाने निम्मा गेम बनवला, असे आम्ही मानतो.

आता संगणकाकडे वळा. पायथॉन ही भाषा फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड नावाचे ॲप घेऊन सराव करता येतो. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये. आज्ञेचे मोजके शब्द इंग्रजी असतात. पण चलाचे नाव ‘पाणी’ असे देवनागरीत ठेवले तरी पायथॉनला चालते.

पायऱ्या पाचच. पहिली, एकट्याने खेळायचा अक्षरी खेळ. दुसरी, एकाच लॅपटॉपवर तीन खिडक्या उघडून एक सर्व्हर आणि दोन खेळाडू. यासाठी लागणारे ‘सॉकेट’ पायथॉनमध्ये आयते मिळते. तिसरी, वही साठवण्यासाठी एसक्यूलाइट. तेही पायथॉनसोबतच येते. चौथी, घरच्या वायफायवर भावाचा लॅपटॉप आणि बहिणीचा मोबाइल जोडणे. पाचवी, चित्रे आणि आवाज. त्यासाठी गोडो हे गेम बनवण्याचे साधन फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे संगणकविषयक धडे विनामूल्य असून बरेचसे मराठीतही आहेत. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नका. शाळा सांभाळून याला वर्ष लागेल, लागू द्या.

आता दोन शब्द पालकांसाठी. पहिल्या चार पायऱ्यांना एक रुपयाही फी लागत नाही. त्या पार केल्यावरही मुलाची किंवा मुलीची ओढ टिकली, तर मग क्लासचा विचार करा. रोज एक तास ठरवून द्या. नमाज, अभ्यास आणि झोप यांतून तो तास कापू नका. अनोळखी लोकांशी गप्पा मारायची सोय खेळात ठेवू देऊ नका; खेळाडू घरचे आणि वर्गातलेच असावेत. मुलींना यातून वगळू नका. हे काम घरी बसूनही शिकता येते.

आणि पैसे लावायचा खेळ नको. जुगार आपल्याकडे हराम आहेच. शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर, असा प्रकार अनेक गेममध्ये असतो. बेल्जियमने २०१८ मध्येच त्याला जुगार ठरवले. बनवणाऱ्याने हा मोह पहिल्या दिवसापासून दूर ठेवावा.

मूल पुढे गेम बनवणारा होईल की नाही, ते अल्लाह जाणे. पण नियम सर्वांना सारखे ठेवणे, दुसऱ्याच्या दाव्याची पडताळणी करणे आणि हाती घेतलेले छोटे काम पुरे करणे, एवढे या वर्षभरात शिकले तरी वर्ष वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. येत्या रविवारी एक वही, चार पेन्सिली आणि चिठ्ठ्यांसाठी जुने कागद काढा. बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करा.