ब्लू व्हेलच्या नावावर

जुलै २०१७ मध्ये मुंबईत एका शाळकरी मुलाने जीव दिला आणि लगेच बातम्यांत एका ऑनलाइन खेळाचं नाव गाजू लागलं: ब्लू व्हेल. पन्नास दिवस, पन्नास कामं, शेवटी मृत्यू. शाळांनी सूचना काढल्या, आईवडील मुलांच्या हातावर ब्लेडने कोरलेला देवमासा शोधू लागले. ऑगस्टमध्ये केंद्राने गूगल, फेसबुकला या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं. पण मुळात खेळ होता कुठे? रशियात २०१६ साली ‘नोवाया गझेटा’ या वृत्तपत्राने छापलेल्या १३० मृत्यूंच्या आकड्यालाही पुराव्याचा आधार मिळाला नाही. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या महासंचालकांच्या समितीने अशा घटनांतल्या मुलांचा इंटरनेट वापर, फोन कॉलच्या नोंदी तपासल्या. एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असं गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितलं. तोवर बातमीतला रस संपला होता.

याची चीड येते. खेळाचं नाव घेतलं की मूल झोपत होतं का, त्याला कोण छळत होतं, हे विचारायचं राहूनच जातं. शिवाय खचलेल्या पोरांपुढे मृत्यूची तयार कृती छापून जाते. तपास पुरा होण्याआधी अशा मृत्यूचं कारण या अंकात छापलं जाणार नाही.