वेदना अशी बोलत नाही

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘छावा’ बघून आलेल्या आमच्या गल्लीतल्या बायका मला एकच विचारायच्या, “सिस्टर, खरंच एवढं सोसतो का हो माणूस?” मी सोलापुरात जळीत वॉर्डात उमेदीची वर्षं काढलेली बाई. त्यामुळे भाजलेल्या, कापलेल्या, चिरडलेल्या शरीराबद्दलचे प्रश्न माझ्याकडेच यायचे. मी त्यांना म्हणायचे, सोसतो. यापेक्षा जास्तही सोसतो. पण असा सोसत नाही.

हा ‘असा’ काय, ते सांगते. लक्ष्मण उतेकरांच्या या चित्रपटात शेवटी संभाजी महाराजांचे जे हाल दाखवलेत, त्यात जखमांवर मीठ आहे, डोळ्यांत तापलेल्या सळया आहेत, जीभ छाटणं आहे. हे सगळं चालू असताना महाराज गर्जतात, कवी कलशांशी काव्यात बोलतात, औरंगजेबाला सडेतोड उत्तरं देतात. विकी कौशलनं मेहनत घेतली आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ड्रेसिंगच्या वेळी नुसतं सलाईनचं पाणी अंगावर पडलं तरी धट्टाकट्टा माणूस कसा होतो ते मी पाहिलंय. आधी शिव्या देतो, मग आईला हाका मारतो, मग ‘सिस्टर सोडा, पाया पडतो’ म्हणतो. त्यानंतर काहीच म्हणत नाही. शेवटी आवाजच जातो. डोळे छताला लागतात आणि आपण नाव घेऊन बोलावलं तरी तो माणूस तिथं नसतो. यात भित्रेपणा नाही. शूर माणसाचंही हेच होतं, कारण मज्जातंतूंना शौर्य कळत नाही.

म्हणून अशा चित्रपटांवरची नेहमीची तक्रार मला पटत नाही. लोक म्हणतात, फारच खरं दाखवलं, झेपत नाही. माझं म्हणणं उलट आहे. रक्त खऱ्यासारखं आहे, वेदना मात्र सजवलेली आहे. आणि सजवलेल्या वेदनेवर इतिहासाचा शिक्का मारला, की प्रेक्षकाला मान वळवायचीही चोरी होते. माझ्या मागच्या रांगेत एक पोरगं डोळे पुसत होतं. त्याचा दोस्त त्याला म्हणाला, “काय बे, रडालास?” तर ते म्हणालं, “मान खाली घातली तर महाराजांचा अपमान होईल की.” पंधरा-सोळाचं असेल. त्याच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिच्या जोरावर त्याला खुर्चीला जखडून ठेवलं होतं, हे मला खटकलं.

वॉर्डात आम्हाला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. ज्या जखमेचं ड्रेसिंग करायचं तेवढीच उघडी करायची, बाकी अंगावर चादर राहिली पाहिजे. पेशंट बेशुद्ध असला तरीही. कॅमेऱ्यालाही हे शिकवायला हवं. त्या शेवटच्या भागात कॅमेरा पुष्कळ वेळा हाल करणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. तो सळई घेऊन जवळ जातो, जखमेत डोकावतो, मागे येतो, पुन्हा जातो. ज्या राजाला माणूस म्हणून बघायला आपण तिकीट काढलं, तो हळूहळू नुसतं शरीर होत जातो. हे शत्रूला करायचंच होतं. आपण का करायचं?

११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली, ती हाल हाल करून, याबद्दल वाद नाही. पण औरंगजेबाच्या कारकिर्दीचा जो फारसी इतिहास, ‘मआसिर-इ-आलमगिरी’, त्यात हे प्रकरण मोजक्या ओळींत उरकलं आहे. आपल्याकडच्या लोकांनी मात्र ते तीनशे वर्षं विसरू दिलं नाही, आणि त्यासाठी त्यांना लाल रंगाच्या बादल्या लागल्या नाहीत. त्या आठवणीत फाल्गुनात आमच्या भागातली कितीतरी पोरं महिनाभर अनवाणी हिंडतात, गोड खात नाहीत. सोलापूरच्या उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालून बघा, मग कळेल ती आठवण किती जागी असते ते.

औरंगजेबाच्या आठवणीही आमच्याकडे आहेत. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना भीमेकाठी माचणूर लागतं. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची मुख्य छावणी इथं, तेव्हाच्या ब्रह्मपुरीत, होती. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे. तिथली माणसं सांगतात की बादशहानं देवाला मांसाचा नैवेद्य पाठवला, वरचं कापड काढलं तर आत पांढरी फुलं. घडलं असेल-नसेल. ज्यांच्या शेतांत परक्याची फौज चार वर्षं तळ देऊन बसली, त्यांनी आपल्या नातवंडांना सांगायला ही गोष्ट निवडली. त्या वर्षांत भीमेकाठचा कडबा कुणी नेला, विहिरी कुणी उपसल्या, छावणी हलल्यावर मागं काय राहिलं? पुढं १७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ आणि रोगराईनं लाखो माणसं मेली. युद्धातले खरे हाल बघायचे तर ते इथं आहेत. यावर चित्रपट काढायला कुणी पैसे घालणार नाही, कारण उपाशी माणूस संवाद म्हणत नाही.

युद्ध दाखवायची दुसरी रीत आमच्या सोलापूरकरांच्या घरातलीच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. १९३७ च्या डिसेंबरात जपानी फौजेनं नानजिंगमध्ये कत्तल केली आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून हा तिशीच्या आतला मुलगा मुंबईहून बोटीनं चीनला गेला. तिथं तो ज्या रुग्णालयाचा प्रमुख झाला, त्याला कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांचं नाव आहे. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांचं बोट कापलं आणि १९३९ मध्ये त्याच जंतुसंसर्गानं ते गेले. कोटणिसांची बायको क्वो छिंगलान परिचारिकांना शिकवायची, म्हणून मला ती आमच्यातलीच वाटते. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस बत्तिसाव्या वर्षी वारले.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीस स्वतःच रंगवले. जयश्रीबाईंना चिनी मुलगी करायला जो मेकअप केलाय तो आज बघवत नाही, ते असो. पण त्या चित्रपटातलं युद्ध बँडेज बांधणाऱ्याच्या बाजूनं दिसतं. घाव घालणाऱ्यापेक्षा घाव शिवणारा जास्त वेळ पडद्यावर असतो. जपानी सैन्य क्रूर नव्हतं असं त्यातून कुणालाही वाटत नाही.

तरीही शांतारामांचं सगळं माफ करायला मी तयार नाही. खऱ्या कोटणिसांना फिट्स यायच्या आणि त्या आजारानं ते गेले. चित्रपटात ते प्लेगनं जातात. फेफरं हे नायकाला शोभणारं मरण नाही असं वाटलं असणार. घरात कुणाला फिट येते हे लपवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली, म्हणून हा बदल मला झोंबतो. आहे ते मरण सिनेमावाल्यांना पुरत नाही. तेव्हा थोडी भर घालत होते, आता पिंपानं घालतात.

नानजिंगवर चीनमध्ये २०२५ च्या जुलैत आलेला ‘डेड टू राइट्स’ हा चित्रपट प्रचंड चालला, आणि जपानी लोकांविरुद्धचा राग भडकतो का, यावर तिथंही वाद झाला. आपल्याकडे त्याच वर्षी १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ती ठरवून घडवल्यासारखी दिसते असं सांगितलं, आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आल्याचंही म्हटलं. म्हणजे पडद्यावरचं रक्त पडद्यावर राहत नाही, हे राज्याच्या प्रमुखानं सभागृहात मान्य केलं. (त्याच महिन्यात मध्य प्रदेशात असीरगडाजवळ ‘छावा’ बघून लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणत होते, मुघलांचं सोनं मिळेल म्हणून. चित्रपटातून कोण काय घेऊन जाईल, सांगता येत नाही.)

बंदी मला नको. बंदी आली की मोबाइलवर तेवढाच तुकडा फिरतो, पुढचं-मागचं काही नसताना. माझी मागणी लहान आहे. ‘छावा’ला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र होतं. नोव्हेंबर २०२४ पासून आलेली ही वयाची वर्गवारी आईबापांसाठी नुसती सूचना असते, तिच्या आधारावर दारावरचा माणूस कुणाला अडवू शकत नाही. त्यामुळे मी गेले त्या खेळाला कडेवरची पोरं होती आणि सळई दिसली की त्यातलं एक आजीच्या पदरात तोंड खुपसून विचारत होतं, “आज्जी, डोळं उघडू का?” ‘अ’ प्रमाणपत्र असतं तर अठराच्या खालचं कुणी आत येऊ शकलं नसतं. जिथं हाल करणं हाच सलग प्रसंग आहे, तिथं सेन्सॉर बोर्डानं ‘अ’च द्यावं, मग विषय कितीही पूज्य असो. मुलांना महाराज दाखवायचे असतील तर तो भाग आखडून दुसरी प्रत काढावी. निर्माते म्हणतील, कुटुंबं आली नाहीत तर गल्ला बुडेल. बुडू दे थोडा.