संपलेल्या सेलचा धडा

विजेरीतील सेल उतरला की तो केराच्या टोपलीत टाकायचा, हा घरोघरचा रिवाज आहे. त्याच सेलची आकृती काढून विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवितात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, हे मात्र शाळेत क्वचितच सांगितले जाते.

वस्तुतः ‘कोरडा घट’ हे नावच फसवे आहे. फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये सिद्ध केलेल्या घटात नवसागराचे द्रावण काचेच्या भांड्यात असे. १८८६ मध्ये जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याचा लगदा केला आणि न सांडणारा घट हाती आला. मात्र या लगद्यातील ओल पूर्ण सुकली, तर घट चालणार नाही. बाहेरचे जस्ताचे भांडे हे त्याचे ऋण टोक; मधली कार्बनची कांडी हे धन टोक. कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बन यांची काळी भुकटी असते. कळ दाबताच जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून लगद्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन दिव्यातून फिरून कांडीवाटे मँगनीज डायऑक्साइडला मिळतात. कांडी केवळ वाट देते. झिजते ते जस्त. घटाचे भांडे हेच त्याचे इंधन होय. जुना सेल पाझरतो, तो यामुळेच.

तेव्हा सेल ‘संपतो’ म्हणजे त्यातील द्रव्य नाहीसे होत नाही. केवळ त्याचे रूप पालटते. खाणीतून कष्टाने काढलेले जस्त व मँगनीज त्यातच राहते आणि आपण ते उकिरड्यावर टाकतो. २००१ चे नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी लहान सेलही कक्षेत आणले, गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि वापरलेला सेल वेगळा ठेवणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरविले.

काही रुपयांच्या सेलसाठी एवढा खटाटोप कोण करणार, असा प्रश्न विचारला जाईल. पण सवय नियमाने लागत नाही, ती समजुतीने लागते. शिक्षकांनी हातमोजे घालून एखादा जुना जस्त-कार्बन सेल वर्गात उघडून दाखवावा. (अल्कलाइन सेल मात्र उघडू नये, त्यातील दाहक अल्कलीने त्वचा भाजते.) झिजलेले जस्त एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आकृती विसरणार नाही आणि सेल केरात टाकताना त्याचा हात थबकेल. प्रत्येक शाळेत व कचेरीत वापरलेल्या सेलसाठी एक पेटी असावी आणि ती भरल्यावर संकलन केंद्रापर्यंत पोहोचावी. विज्ञानाचा धडा वहीबाहेर पडला, तरच तो शिकविला गेला असे म्हणता येईल.